नांदुरी खारीच्या लॅपटॉपची तक्रार आणि तिचं यशस्वी निवारण

तक्रार करण्याची सोय जिथे उत्तम असते, तिथे तक्रारीचं कारण दूर करण्याची घाई कुणी करू नये. कारण गेलं की तक्रार जाते, तक्रार गेली की तिची नोंद ठेवणारा बाबू जातो, आणि बाबू गेला की त्याच्या खुर्चीवर धूळ बसते. धुळीची तक्रार कुणाकडे करायची हे अजून ठरलेलं नसल्यामुळे राज्यकारभारात मोठीच पंचाईत होते. खुशालराव या मताचे होते, आणि तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे मत बदलावं लागेल असं काही घडलं नव्हतं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. त्या दिवसांत वऱ्हाडात एक पाहणी झाली आणि तीत असं आढळलं, की माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्याआधी काही दिवस गप्प होतो. तेव्हा त्याला बोलतं करावं, म्हणजे पुढचा प्रसंग टळेल, असं ठरलं. (आधी कापसाच्या भावाचाही विचार झाला होता, पण तो विषय दुसऱ्या खात्याचा निघाला.) त्यातून 'बोलतं गाव' हे अभियान जन्माला आलं. निवडक गावांत संवाद केंद्रं उघडायची, प्रत्येक केंद्रात एक लॅपटॉप ठेवायचा, आणि त्या लॅपटॉपमधून अमरावतीला बसलेल्या डॉक्टरीणबाई गावातल्या दुःखी माणसाशी समोरासमोर बोलतील, अशी ती सोय होती.

दर्यापूर तालुक्यातल्या नांदुरी खारी या गावाला असं केंद्र मिळालं. त्यासोबत एक टेबल, दोन खुर्च्या, एक नोंदवही, चौसष्ट पानांची दोषनिवारण पुस्तिका आणि 'बोला, आम्ही ऐकत आहोत' असा बॅनर मिळाला. बॅनर भिंतीपेक्षा दोन फूट लांब भरल्यामुळे त्यातला 'आहोत' कोपऱ्यातून वळून दाराकडे गेला. केंद्रप्रमुख म्हणून तालुक्याच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक खुशालराव यांची नेमणूक झाली. (नाव वाचून झाली, असं काही जण म्हणतात. याहून वाईट निकषांवर नेमणुका होताना आपण पाहिल्या आहेत.)

खुशालराव माणूस सज्जन. जावक क्रमांक टाकल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कागद हलवला नाही, आणि घरी बायकोशी बोलतानाही ते विषय आधी आणि संदर्भ मागून सांगत. नेमणुकीनंतर त्यांना चिखलदऱ्याला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं गेलं. शिबिराचा विषय 'ऐकण्याची कला' हा होता. तीन दिवसांत अठरा व्याख्यानं झाली आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करण्यात आली. शिबिरार्थींनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, म्हणजे शिबिर सफलच झालं म्हणायचं.

केंद्रासाठी माजी सरपंच रामराव यांनी आपली खोली दिली, म्हणजे अर्धी दिली. उरलेल्या अर्ध्या खोलीत त्यांचा कापूस छतापर्यंत भरलेला होता आणि भाव वाढेपर्यंत तो तिथेच राहणार होता. उद्घाटनाला लॅपटॉपची पूजा झाली. त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ मात्र खुशालरावांनी टेबलावर न फोडता दगडावर फोडायला लावला. त्यांच्या दूरदृष्टीचा हा एक पुरावा आहे.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला तेव्हा पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा हसरा फोटो आला. मान किंचित कललेली, हनुवटीखाली हात, आणि खाली अक्षरं: बोला, आम्ही ऐकत आहोत. त्यापुढे काही झालं नाही. ग्रामपंचायतीवरचा वायफायचा डबा चाळीस पावलांवर, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता. आवाज म्हणाल तर सुरू होतानाची टुणकन घंटीसुद्धा वाजेना. आणि अकरा मिनिटं झाली की सगळं यंत्र जागच्या जागी अडकून बसे. मग बाण हलत नसे, बटण दाबून काही होत नसे, बाई मात्र हसत राहत.

खुशालरावांनी पुस्तिका उघडली. पायरी एक: यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. पायरी दोन: दोष कायम राहिल्यास पायरी एक पुन्हा करावी. इंटरनेट जोडणी नसल्यास संकेतस्थळावरील मार्गदर्शन पाहावे, असं पान एकोणीसवर होतं. ध्वनी बंद असल्यास ध्वनिफितीतील सूचना शांतपणे ऐकाव्यात, असं पान तेवीसवर होतं. खुशालरावांनी तीन दिवस चौसष्टही पानांचं पालन केलं. पुस्तिकेत दोष निघाला नाही, तेव्हा तो लॅपटॉपमध्येच असणार, या निष्कर्षाला ते आले.

याच सुमारास गोदाबाई केंद्रात आली. ती देवमन सुताराची बायको. देवमनच्या हातची पेरणीची तिफण एके काळी पाच गावांत जात असे. पण गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल बाजारात गेले, आणि बैलांमागून तिफणही गेली. देवमननं लाकूड तासायचा वासला खुंटीला टांगला आणि पोळ्याच्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला.

"साहेब, जेव म्हटलं तं जेवते, ऊठ म्हटलं तं उठते. पन शब्द काढत नाई," गोदाबाई म्हणाली. "मले लय भेव वाटते. मी पानी आनाले गेलो तरी अर्ध्या रस्त्यातून वापस येतो. तुमच्या डब्ब्यातल्या बाईले सांगा ना त्याच्याशी बोलाले."

यात अडचण अशी होती, की अभियान शेतकऱ्यांसाठी होतं. सुताराच्या गप्प बसण्याची दखल अद्याप कोणी घेतली नव्हती, आणि लॅपटॉपमध्ये 'सातबारा क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. सुदैवानं नांदुरीचा लॅपटॉप त्या रकान्याच्या दोन पानं अलीकडेच अडकत असल्यामुळे तिथे कोणीच अपात्र ठरत नव्हतं. खुशालरावांनी गोदाबाईला मंगळवारची वेळ दिली. एवढ्या भेदरलेल्या बाईला परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि दुरुस्तीला मंगळवारपर्यंत वेळ होता.

म्हणून त्यांनी तक्रार लिहायला घेतली. तक्रारी अमरावतीच्या कक्षाकडे पाठवायच्या होत्या आणि परिपत्रक असं होतं, की तक्रार शुद्ध राजभाषेत असावी. इंग्रजी शब्द आढळल्यास ती परत पाठवण्यात येईल. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं 'वायफाय नाई, साऊंड नाई, हँग होते' एवढ्या सहा शब्दांत काम उरकलं असतं. पण सहा शब्दांपैकी तीन परकीय निघाले. खुशालरावांचं मराठी चांगलं होतं (दहावीला चौऱ्याहत्तर गुण), आणि नुकसान नेमकं तिथेच झालं. त्यांनी लिहिलं:

"महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर, की या केंद्रात बिनतारी संपर्क होत नाही. तसेच येथे आवाज अजिबात नाही. तसेच येथील काळे यंत्र दर अकरा मिनिटांनी गोठते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

कार्यवाही झाली, आणि वेळेत झाली, हे मुद्दाम सांगायला हवं. कक्षानं एका पत्राचे तीन विषय केले आणि ज्या त्या खात्याकडे धाडले. 'बिनतारी' हा शब्द पाहून पहिला विषय पोलिसांच्या संदेशयंत्रणेकडे गेला. तिथून एक जमादार मोटारसायकलवर आले, गावात दंगल नाही याची खात्री करून घेतली, चहा प्यायले आणि 'शांतता आहे' असा अहवाल देऊन गेले. 'आवाज अजिबात नाही' हा दुसरा विषय अकोल्याला, गोंगाट मोजणाऱ्या साहेबांकडे गेला. तिथून अभिनंदनाचं प्रमाणपत्र आलं. विभागात लाऊडस्पीकरनं कान किटलेले असताना आवाज अजिबात नाही असं हे एकमेव गाव होतं. ते प्रमाणपत्र बॅनरशेजारी लावण्यात आलं.

तिसऱ्या विषयाला जरा वेळ लागला. 'गोठते' या शब्दावर कक्षात मतभेद झाले, आणि शेवटी जनावरांच्या खात्याकडून पत्र आलं: गोठ्याचं क्षेत्रफळ, जनावरांची संख्या व चाऱ्याची सोय कळवावी. खुशालरावांनी क्षेत्रफळ कळवलं, संख्या एक कळवली, चारा लागत नाही असं कळवलं. चारा न खाणारं जनावर म्हटल्यावर खात्याला काळजी वाटली आणि अचलपूरहून एक डॉक्टर एसटीनं आले. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला, मिटून पाहिला. खुशालरावांकडे पाहिलं. दोघंही जुने नोकर, त्यामुळे शब्द फार लागले नाहीत.

"बिल्ला मारल्याशिवाय माही भेट पुरी होत नाई, साहेब," डॉक्टर म्हणाले. "सिस्टीम घेतच नाई."

"मंग मारा जी," खुशालराव म्हणाले. "निदान कोनत्या तरी रजिष्टरात त्याचं नाव तं येईन."

लॅपटॉपला कान नसल्यामुळे जनावराच्या कानात मारतात तो पिवळा बिल्ला चार्जरच्या वायरीला मारण्यात आला. बाराआकडी क्रमांक मिळाला. रंग काळा, शिंगं नाहीत, वय एक वर्ष, प्रकार भाकड. तिन्ही तक्रारी त्या आठवड्यात निकाली निघाल्या आणि लॅपटॉप होता तसाच राहिला.

या गडबडीत मंगळवार उजाडला आणि गोदाबाई देवमनला हाताला धरून घेऊन आली. नियमाप्रमाणे नातेवाइकांनी दाराबाहेर थांबायचं होतं, ती थांबली. देवमन खुर्चीवर बसला. पडद्यावर बाई आल्या आणि अकरा मिनिटांनी, रिवाजाप्रमाणे, सगळं अडकलं. आता याला काय सांगावं याचा विचार खुशालराव करत होते, तेवढ्यात देवमननं घसा खाकरला आणि तो बोलू लागला.

हळू बोलला, पण बोलला. बाई त्याला मधे तोडत नव्हत्या. घड्याळाकडे पाहत नव्हत्या. 'होईल सगळं ठीक' म्हणत नव्हत्या, आणि तुझ्यापेक्षा दुःखी माणसं जगात आहेत असंही सुनावत नव्हत्या. त्या मान कलती ठेवून ऐकत होत्या. इतका वेळ देवमनकडे तोंड करून आजवर कुणी बसलं नव्हतं. खिडकीतून त्याचे हलणारे ओठ पाहून गोदाबाई पदर तोंडाला लावून रडली. खुशालरावांनाही भरून आलं. त्यांनी ताबडतोब घड्याळ पाहिलं आणि सुरुवातीची वेळ नोंदवली.

मग दर मंगळवारी देवमन आपणहून येऊ लागला. घरी तो अजूनही गप्पच असे, पण सोमवारी दाढी करू लागला, वासल्याला धार लावून ठेवू लागला. त्याचं पाहून बाकीचेही येऊ लागले. इंदूबाई सुनेविषयी बोलून गेली, सून दुसऱ्या दारानं येऊन इंदूबाईविषयी बोलून गेली. तीन महिन्यांचे आकडे अमरावतीला गेले तेव्हा तिथे खळबळ उडाली. ज्या केंद्रांचे लॅपटॉप धड होते तिथे सरासरी संवाद चार मिनिटांचा होत होता, त्यातली तीन मिनिटं पलीकडूनच बोलणं होई. नांदुरीत सरासरी चौतीस मिनिटं! देवमन सुतार या एकट्या लाभार्थ्याच्या अकरा बैठका आणि सहा तास बारा मिनिटं. या यशाला 'नांदुरी प्रारूप' असं नाव देण्यात आलं आणि त्याचा अभ्यास करायला पाच जणांची समिती येत असल्याचं पत्र खुशालरावांच्या हाती पडलं.

पत्र खुशालरावांनी दोनदा वाचलं. समितीनं आवाज ऐकायला मागितला तर? बिल्ला दाखवून किती वेळ काढणार? निवृत्तीला चार महिने राहिलेले. तेहतीस वर्षांत प्रथमच त्यांनी जावक क्रमांकाशिवाय एक काम केलं. त्यांनी दर्यापूरच्या बसस्टँडजवळच्या ताहेरला फोन लावला.

ताहेर मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करी. त्याचे आजोबा पिंजारी होते, गाद्या-रजया भरत. तो दुपारच्या जीपनं आला. खिशात एक पेचकस आणि रंगवायचा एक जुना ब्रश, एवढंच सामान. त्यानं लॅपटॉप आडवा धरून पाहिला आणि पुढच्या कडेचं एक इवलंसं बटण नखानं सरकवलं.

"वायफाय तं तुमीच बंद करून राहिले ना साहेब. रोज फडक्यात गुंडाळून ठेवता काय? त्या फडक्यानंच सरकते हे."

मग त्यानं ब्रशच्या काडीनं आवाजाच्या बटणाच्या फटीतून लाल भुकटी उकरून काढली. ते पूजेतलं कुंकू होतं, आणि त्याच्यामुळे मुकं करायचं बटण उद्घाटनापासून दाबलेलंच राहिलं होतं. शेवटी त्यानं खालची पाटी उघडली आणि मोठ्यानं हसला. आतल्या पंख्याभोवती रामरावांच्या ढिगातली रुई गच्च बसली होती. त्याला वारा मिळत नव्हता, म्हणून यंत्र तापून अडकत होतं.

"या अल्ला! दादाजान जिंदगीभर रुई पिंजत राह्यले, अन् मी समजत होतो का खानदानी धंदा सुटला," ताहेर म्हणाला. "खिडकी उघडी ठेवा, नाई तं तो कापूस तरी इका."

सगळं मिळून सात मिनिटं लागली. चहा धरून अकरा.

मंगळवारी समिती आली. पाचही जण प्रात्यक्षिक पाहायला कापसाच्या ढिगाला टेकून बसले आणि देवमन नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसला. लॅपटॉपनं टुणकन घंटी वाजवली. बाई आल्या, यावेळी हलत्या. त्या दिवशी त्यांचा हा सदुसष्टावा संवाद होता आणि त्यांना स्वतःलाच कुणाशी तरी बोलायची गरज होती.

"नमस्कार. सातबारा क्रमांक सांगा," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता.

देवमननं खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी समितीकडे पाहिलं.

"सातबारा नाही? मग आपण या योजनेत बसत नाही. धन्यवाद. पुढचे?"

चाळीस सेकंदांत बैठक संपली. अध्यक्षांनी वेळ पाहून मान डोलावली, अशी तत्परता त्यांनी इतर कुठे पाहिली नव्हती. देवमन उठला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि दारात वळून खुशालरावांना म्हणाला, "साहेब, हे पयलेसारकं बिघडोता येईन काय जी?"

समिती खळखळून हसली. 'लाभार्थी आता विनोदही करू लागला आहे' असं अहवालात लिहिण्यात आलं आणि त्याखाली पाच सह्या झाल्या.

बुधवारी सकाळी देवमन घरी नव्हता. धार लावलेला वासला खुंटीवरच होता, चपला दाराशी नव्हत्या. गावानं विहिरी पाहिल्या, नदीचं पात्र पाहिलं, एक जण दर्यापूरच्या स्टँडवर जाऊन आला, एक अकोल्याच्या स्टेशनवर. दुपारी गोदाबाई केंद्रात आली. सोबत आलेल्या पोलिसाच्या हातात फॉर्म होता आणि त्यात एक प्रश्न होता: जाण्यापूर्वी इसम काही बोलला काय?

"बोलला," खुशालराव म्हणाले, आणि त्यांनी नोंदवही उघडली. "एकूण सहा तास बारा मिनिटं."

"काय बोलला?"

खुशालरावांनी पानं उलटली. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बसण्याची पद्धत, पाणी दिलं की नाही, असे सत्तावीस रकाने होते आणि सगळे सुवाच्य अक्षरात भरलेले होते.

"साहेब, तुमी तं इथंच बसेल व्हते ना, त्याच्याजवळ," गोदाबाई म्हणाली. "एकदा तरी म्हटलं असन त्यानं कुठी जातो म्हून. कोनाचं नाव घेतलं असन. काय म्हने तो? आठवा ना जी."

खुशालरावांनी खरोखर आठवून पाहिलं. अकरा मंगळवार ते त्याच्यापासून चार हातांवर बसले होते आणि रकाने भरत होते. एक शब्द आठवेना. गोदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, कापसाच्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग ती त्या लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिली, जणू आता सांगितलं तर तोच सांगेल. देवमनचा आजपर्यंत पत्ता नाही.

खुशालरावांना नावं ठेवायची घाई मात्र करू नका. या मजकुरात दहावीचे गुण आहेत, बॅनरची लांबी आहे, कुंकू कुठून निघालं तेही आहे. देवमन त्या सहा तास बारा मिनिटांत काय बोलला याचा एक शब्दही नाही, आणि गोदाबाईनं विचारेपर्यंत तुम्हालाही तो विचारावासा वाटला नाही. तुम्ही इथवर आलात ते लॅपटॉप सुरू होतो की नाही, हे बघायला. सुरू झाला आहे. रेंज चांगली मिळते, आवाज स्वच्छ येतो, आणि आता तो अडकत नाही.